उतरायचे पाय

परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी दहा मिनिटं ती हळदीच्या भावाबद्दल बोलली, तेव्हाच मी ओळखलं की सांगायचं दुसरंच काही आहे. "तुझ्या भाचीनं एव्हरेस्टचं मनावर घेतलंय. तुझंच ऐकेल ती," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तू पाठवलेलं कंपनीचं माहितीपत्रक मी त्याच रात्री वाचलं. सकाळी पुन्हा वाचलं.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ज्यानं आयुष्यातली तीस वर्षं सुट्ट्या वाचवून हिमालयात घालवली, त्याला तसं म्हणता येत नाही. पण काही गोष्टी पुस्तकात नसतात. थोरल्यांनी त्या मला तंबूत, रात्री, शेजारी झोपलेल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितल्या. त्या तुला देणं मी लागतो. एक आधीच सांगतो. मी सहा-सात हजार मीटरच्या शिखरांवर वावरलो, आठ हजारांवर गेलो नाही. तिथलं जे सांगेन ते जाऊन आलेल्या दोस्तांकडून ऐकलेलं आणि पुन्हा पुन्हा विचारून घेतलेलं आहे.

पहिला कानमंत्र मला एका स्वयंपाक्यानं दिला. गढवालमधली आमची दुसरी मोहीम. किचन टेंटमध्ये एक म्हातारा शेर्पा होता, तरुणपणी मोठमोठ्या मोहिमांत ओझी वाहिलेला. पहाटे दोनला आम्ही निघताना तो प्रत्येकाच्या हातात चहाचा मग द्यायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "साब, उतरने का पैर बचाके रखना." पहिल्या दिवशी मला ते आशीर्वादासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं की हा हिशोब आहे. निघताना तुझ्याकडे जेवढा दम असतो, त्यातला निम्म्याहून कमी वर जायला वापरायचा असतो. उरलेला उतरायला लागतो, आणि उतरताना तू थकलेली, तहानलेली, गारठलेली असतेस आणि मनानं सैल झालेली असतेस. एव्हरेस्टवर आठ हजार मीटरच्या वर ज्यांनी जीव गमावला, त्यातल्या बहुसंख्यांनी तो उतरताना गमावला. शिखर हातात आलं होतं, पाय शिल्लक नव्हते.

म्हणून वर कुठंही थांबलीस की "अजून किती राहिलं" हा प्रश्न विचारू नकोस. "आत्ता, या क्षणी वळले तर स्वतःच्या पायांनी तंबूपर्यंत जाईन का?" एवढंच विचार. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर समज.

आता कंपनीबद्दल. पैसे घेऊन एव्हरेस्टवर नेण्याचा धंदा तसा जुना नाही. 1985 साली डिक बास नावाचा अमेरिकन उद्योजक, वय 55, कसलेल्या गिर्यारोहकाच्या सोबतीनं वर जाऊन आला, आणि पैसा व सोबत असेल तर आपणही जाऊ शकतो हे जगभरातल्या हौशी लोकांना दिसलं. दहा वर्षांत कंपन्या उभ्या राहिल्या. मग 1996 चा मे महिना आला. त्या 10 आणि 11 मेच्या वादळात आठ माणसं गेली. त्यांत दोन नावाजलेल्या कंपन्यांचे प्रमुख होते, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, आणि उत्तरेच्या बाजूला आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांचे तीन जवान होते. हॉल काही नवखा नव्हता, तो त्याचा पाचवा एव्हरेस्ट होता. दुपारी दोनच्या आत शिखर नाही तर परत, हा नियम माहीत असलेला माणूस. तरी त्या दिवशी दोन वाजून गेल्यावरही लोक वर चढत राहिले आणि हॉल स्वतः चारच्या पुढं आपल्या एका गिऱ्हाइकाला शिखरावर घेऊन उभा होता. ते गिऱ्हाईक म्हणजे टपाल खात्यातला साधा कर्मचारी. आदल्याच वर्षी हॉलनं त्याला शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. पुन्हा पैसे जमवून, पुन्हा सगळं सोसून तो आला होता. त्याला दुसऱ्यांदा "नाही" म्हणणं हॉलला जमलं नसेल असं मला वाटतं. दोघंही परत आले नाहीत.

ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगतो, कारण यात कुणी खलनायक नाही. तुझा प्रमुख प्रामाणिक असेल, अनुभवी असेल, तुझ्यावर माया करणारा असेल, तरीही तू भरलेले पैसे त्याच्या आणि घड्याळाच्या मध्ये उभे राहतात. म्हणून परतीची वेळ तू स्वतः ठरव, बेस कॅम्पवर वहीत लिही, त्याच्या आणि तुझ्या शेर्पाच्या देखत मोठ्यानं वाच. वर गेल्यावर मेंदू अर्ध्या हवेवर चालतो. तिथं ठरवायला काही ठेवायचंच नाही, ठरवलेलं फक्त पाळायचं.

तुझ्या माहितीपत्रकात शिखराचे अकरा फोटो आहेत आणि ऑक्सिजनच्या बाटल्यांचा आकडा एकदाही नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यांना फोन कर आणि हे विचार: माझ्या नावावर किती बाटल्या, माझ्या शेर्पाच्या नावावर किती, आणि कुणाच्याही नावावर नसलेल्या, अडचणीसाठी वर ठेवलेल्या किती? हिशोब साधा आहे. नेहमीच्या वापरातली चार लिटरची बाटली तीनशे बार दाबानं भरली तर तिच्यात सुमारे 1,200 लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर लावलास तर दहा तास पुरेल, चार लावलास तर पाच. साउथ कोलच्या शेवटच्या छावणीतून निघून शिखर करून परत यायला बारा-पंधरा तास सहज लागतात, सावकाश चालणाऱ्याला त्याहून जास्त. आता या हिशोबात रांगेतले दोन-तीन तास घाल.

रांगेचा तो फोटो तू पाहिला असशीलच, 2019 च्या मे महिन्यातला, नेपाळच्या निर्मल पुर्जानं काढलेला. दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला असते तशी माणसं, फरक इतकाच की दोन्ही बाजूंना हजारो फूट पोकळी. त्या हंगामात नेपाळनं 381 परवाने दिले होते, प्रत्येक परवान्यामागं किमान एक शेर्पा धर, आणि हवा उघडली मोजके दिवस. त्या वर्षी एव्हरेस्टवर अकरा जण दगावले. दोघं आपल्या महाराष्ट्रातले होते, आणि दोघंही शिखर गाठून उतरत होते. ती बातमी आली त्या रात्री मी आणि तुझी मामी जेवलो नाही. पुढं 2023 मध्ये परवाने 478 वर गेले. तेव्हा कंपनीला हेही विचार, की हवेची पहिली उघडीप मिळताच सगळ्यांबरोबर तुम्ही निघता की गर्दी ओसरायची वाट बघता? दुसऱ्या उघडिपीसाठी थांबायचं तर खालच्या छावणीत अन्न, इंधन, दिवस जास्त लागतात. ते खर्चात धरलंय का? "बघू, हवेवर आहे" असं गुळमुळीत उत्तर आलं तर ते धरलेलं नाही.

स्वस्त मोहिमेबद्दल दोन शब्द. नुसता नेपाळ सरकारचा परवाना सप्टेंबर 2025 पासून वसंत ऋतूसाठी 15,000 डॉलर झालाय, आधी 11,000 होता. परवाना सगळ्यांना सारखाच. मग एखादी कंपनी दुसरीपेक्षा निम्म्या पैशात नेते, तेव्हा ती कशात वाचवते? माणसांत आणि बाटल्यांत. नवख्या पोराला शेर्पा म्हणून लावायचं, एका शेर्पाकडे दोन गिऱ्हाइकं द्यायची, रेग्युलेटर जुने वापरायचे, डॉक्टर ठेवायचा नाही. पैसे कमी असतील तर मोठं शिखर स्वस्तात करू नकोस, लहान शिखर नीट कर. हे मी तुझा मामा म्हणून हात जोडून सांगतोय.

आणि लहान शिखरांची शिडी न चढता तिथं जायचंच नाही. नेपाळनं 2025 मध्ये एक विधेयक पुढं आणलं, त्यात एव्हरेस्टच्या आधी सात हजार मीटरचं एक शिखर केलेलं असावं अशी अट आहे. त्याचा कायदा कधी होतो याची तू वाट बघू नकोस, अट आजपासून स्वतःला घाल. तुझा सह्याद्री पक्का आहे, लिंगाण्याच्या भिंतीवर तुला मी पाहिलंय. पण सह्याद्रीचा कातळ सगळं शिकवतो आणि बर्फ शिकवत नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम, कुठल्याही संस्थेत आधी बेसिक कर, मग अ‍ॅडव्हान्स. महिन्याभराची रजा मिळत नाही म्हणून लोक हे टाळतात आणि थेट वर्षाची रजा काढून एव्हरेस्टला जातात. क्रॅम्पॉन लावून उतरताना पाय कसा टाकायचा, घसरलीस तर आइस अ‍ॅक्स छातीखाली घेऊन कसं थांबायचं, हातमोजे न काढता कॅराबिनर कसा बदलायचा, हे हातापायांना पाठ झालेलं असावं लागतं. एव्हरेस्टवर एकामागून एक दोर लावलेले असतात. दर गाठीपाशी एक कॅराबिनर पुढं अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, तेवढी एक चूक होऊन माणसं गेली आहेत. अंधारात, डोळे मिटून, दोनशे वेळा कर. तुझ्या गॅलरीच्या गजाला दोर बांध आणि रोज रात्री कर.

शिकूनही धोका संपत नाही, हेही लपवणार नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडीच हिमकड्याखाली सापडली, 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, जिनं त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं केली होती. डोंगरापुढं प्रमाणपत्र ठेवता येत नाही. ताजा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबायचं, उतारावर ऊन पडायच्या आत मोकळं व्हायचं, आणि कुणी म्हातारा वाटाड्या "आज नको" म्हणाला तर कारण विचारत बसायचं नाही.

आता शरीर. हा भाग लक्ष देऊन वाच, कारण इथं आपली मराठी मुलं सगळ्यात जास्त फसतात. गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी ऑफिसात हजर, मध्ये बारा-चौदा हजार फुटांचा ट्रेक! लेहला विमानानं उतरायचं, 3,500 मीटरवर, आणि दुसऱ्या दिवशी खार्दुंगला. फुप्फुसांना रजेचा अर्ज कळत नाही. साडेपाच हजार मीटरवर समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा प्राणवायू मिळतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याच्या गतीनं. म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक जास्तीचा मुक्काम त्याच जागी. दिवसा उंच जा, झोपायला खाली ये. लेहला पहिले दोन दिवस खोलीत पडून राहा, बाजारातही हुंदडू नकोस.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, म्हणजे उंची लागली. थांब. बरं वाटेपर्यंत वर एक पाऊल नाही. बसल्या जागी धाप लागतेय, कोरडा खोकला, छातीत घरघर, थुंकीत गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुसात पाणी उतरतंय. बडबड विचित्र झाली, तोल जातोय, माणूस उगाच चिडतोय किंवा गप्प पडून राहिलाय, म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत उजाडायची वाट बघायची नाही. रात्र असो, बर्फ पडत असो, खाली न्यायचं. तपासायची पद्धत माझ्या गुरूंनी दिली ती देतो. जमिनीवर दोर सरळ टाक आणि त्याला दोरावरून टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांग. झोकांडी गेली की वाद संपला. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आता सगळ्यांकडे असतं. त्याचा आकडा बघ, पण माणसाची चाल त्याआधी बघ.

गोळ्यांबद्दल. डायमॉक्सनं सवय होण्याला मदत होते. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचार, आणि घरी असताना एकदा घेऊन बघ. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मेंदूच्या सुजेत जीव वाचवतं, ते खाली आणायला वेळ मिळावा म्हणून. ते खाऊन वर चढणारे लोक आहेत, तू त्यांतली होऊ नकोस. डोकेदुखीची गोळी खाऊन "मी ठीक आहे" म्हणणं हे तर सगळ्यात वाईट. झोपेची गोळी आणि दारू वर अजिबात नाही. 2025 मध्ये काही ब्रिटिश लोक झेनॉन वायूचा उपचार घेऊन घरून निघाल्यापासून आठवड्याभरात एव्हरेस्ट करून परत आले. ते वाचून तू मला मेसेज केलास, "मामा, बघ!" बघितलं. त्यांच्यामागं किती शेर्पा, किती प्राणवायू, कमी हवेच्या तंबूत घरी झोपून काढलेले किती आठवडे होते तेही बघ.

माझा एक जिवलग मित्र खोकला लपवत राहिला. साडेपाच हजारांच्या वरची छावणी, सकाळी शिखराचा दिवस. रात्री त्याच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला. मी बॅटरी लावली तर उशीच्या फडक्यावर गुलाबी डाग. तो म्हणाला, "थंडीनं झालंय. सकाळी बरं वाटेल." मी त्याचं ऐकलं नाही. मी, आणखी एक सोबती आणि एक शेर्पा, रात्री साडेअकराला त्याला दोरावर घेऊन निघालो आणि उजाडेपर्यंत आठशे मीटर खाली आणलं. खालच्या छावणीत तो बसून चहा प्यायला. आमच्या तिघांचं शिखर गेलं. त्यानं त्या मोहिमेसाठी फंडातून पैसे काढले होते. पुढं दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. आज त्याला नातू आहे, दिवाळीत घरी येतो, त्या रात्रीचा विषय अजून कधी निघत नाही. पुन्हा तशी रात्र आली तर मी पुन्हा त्याला ओढत खाली आणेन. तूही आणशील असा मला शब्द दे, आणि तुला कुणी आणलं तर त्याच्यावर रागावणार नाहीस असाही.

शेर्पांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, ते समजून घे. 18 एप्रिल 2014 ला खुंबूच्या हिमप्रपातावर कड्यावरून बर्फ कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गेले. तुमच्यासारख्यांचे तंबू, गॅस, दोर, बाटल्या वर नेताना गेले. सरकारनं पहिली मदत जाहीर केली ती घरटी 40,000 नेपाळी रुपये. शेर्पांनी त्या वर्षी चढायचं नाकारलं, आणि त्यांनी केलं ते रास्तच होतं. गिऱ्हाईक त्या हिमप्रपातातून मोजक्या वेळा जातं. शेर्पा एका हंगामात पाठीवर ओझं घेऊन कितीतरी फेऱ्या करतो. वाटेतल्या शिड्या आणि दोर लावणारे वेगळेच, ते सगळ्यांच्या आधी जातात.

तेव्हा काठमांडूत उतरलीस की पहिल्या दिवशी तुझ्या शेर्पाचं नाव, गाव, मुलं किती, शाळेत जातात का, हे विचार. त्याचा विमा किती रकमेचा आहे हे कंपनीला लेखी विचार. आणि आता सांगतो ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. गिऱ्हाईक शिखरावर पोचलं तर शेर्पाला बक्षिसी द्यायची पद्धत आहे. म्हणजे तुला परत फिरवलं तर त्याच्या घरचे पैसे जातात. बेस कॅम्पवरच, प्रमुखासमोर त्याला सांग, "दाजू, शिखर झालं काय, नाही झालं काय, तुझी बक्षिसी तेवढीच." ते पैसे पाकिटात घालून नाव लिहून प्रमुखाकडे ठेव. मग तो तुझ्याशी खरं बोलेल. शेर्पा फार भिडस्त माणूस. तो "नाही" म्हणत नाही, "हळूहळू जाऊ," "थोडं थांबू या का," असं म्हणतो. ते "नाही"च आहे, ऐकायला शीक.

मे 2023 मध्ये गेल्जे शेर्पा आपल्या गिऱ्हाइकाला घेऊन शिखराकडे निघाला होता. वाटेत आठ हजार मीटरच्या वर एक परका माणूस थंडीनं कुडकुडत दोराला लटकलेला दिसला. गेल्जेनं आपल्या गिऱ्हाइकाला शिखर सोडायला राजी केलं आणि त्या माणसाला पाठीवर बांधून तासन्‌तास खाली आणलं. तो जगला. त्याच वर्षी जुलैत के-टूच्या अरुंद घळीत एक पाकिस्तानी हमाल पडून होता, आणि त्याला ओलांडून शिखराकडे जाणाऱ्या रांगेची चित्रफीत जगानं पाहिली. काहींनी त्याला वाचवायचा प्रयत्न केला, तेही खरं. पण रांग चालत राहिली. तू रांगेत असतीस तर काय केलं असतंस? याचं उत्तर वर सुचत नाही. घरी बसून दे, आईसमोर दे.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र आपल्या गावाकडच्या फलकांची वाटते. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, तो आनंद अजून आठवतो. 2012 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीची आठ मुलं उमेश झिरपेंच्या नेतृत्वाखाली वर गेली, 2019 मध्ये त्यांचेच दहा जण कांचनजुंगावर. त्या मोहिमांच्या मागं एका संस्थेत एकत्र घालवलेली वर्षं होती, पैसे मागत फिरतानाही संघ होता, आणि कोण चढणार कोण थांबणार हे संघ ठरवायचा. आता एकटं पोर कर्ज काढतं, आमदार धनादेश देतात, शाळा वर्गणी काढते, चौकात फलक लागतो, "एव्हरेस्टवीर" असं आधीच छापून. मग ते पोर साउथ कोलच्या वर रेंगाळतं, कारण त्याला त्या चौकातून परत जायचं असतं. 2016 मध्ये महाराष्ट्रातल्या एका जोडप्यानं दुसऱ्याचे फोटो जोडून शिखर केल्याचं सांगितलं. नेपाळनं दहा वर्षं बंदी घातली, नोकरी गेली. लोक हसले. मला मात्र फलकाचं ते ओझं दिसत राहिलं. त्यांनी केलं ते चुकलंच, पण दुसरं कुणी तेच ओझं घेऊन साउथ कोलच्या वर रेंगाळलं असतं, आणि तेव्हा कुणी हसलं नसतं.

म्हणून ज्यांच्याकडून पैसे घेशील त्या प्रत्येकाला आधी पत्र दे. त्यात स्पष्ट लिही: मी शिखर न करता परत येऊ शकते, तसं झालं तरी ही मोहीम पूर्ण झाली असंच मी समजेन, आणि तुम्हीही समजावं. ज्याला हे मान्य नाही त्याचे पैसे घेऊ नकोस, कितीही असू देत. घर गहाण ठेवून जाऊ नकोस. शिखरावर धरायला आठ फलक, चार झेंडे, नऊवारी, असलं काही नेऊ नकोस. तिथं हातमोजा काढून फलक उलगडण्यात जी पाच मिनिटं जातात, त्यात बोटं जातात. हातमोज्यांना दोरी बांध, ती गळ्यातून घे. गॉगल दोन. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळायचं नाही, आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल तर गरम पाण्यात घालायचं नाही.

विमा काढताना उंचीची मर्यादा वाच. बऱ्याच पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर बंद होतात. हेलिकॉप्टरनं उतरवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघ. आणि ट्रेकच्या वाटेवर कुणी तुझ्या साध्या डोकेदुखीवर घाईघाईनं हेलिकॉप्टर मागवायला लागलं तर सावध हो. 2018 मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत अशा खोट्या सुटकांचा मोठा धंदा उघड झाला होता. एकेका फेरीवर अनेक प्रवासी घालून प्रत्येकाच्या विम्यातून पैसे काढत होते.

एक कागद राहिला. तो लिहायला तुला जड जाईल, तुझ्या आईला त्याहून. वर काही झालं तर तुला तिथंच ठेवायचं की खाली आणायचं, हे तुझ्या हातानं लिहून ठेव. आठ हजारांवरून देह आणायला सहा-आठ शेर्पा आपला जीव लावतात, दिवसेंदिवस. कुणी कुणासाठी तो धोका घ्यायचा हे तू ठरवून गेलीस, तर तुझ्या आईला काठमांडूच्या एखाद्या हॉटेलात बसून ते ठरवावं लागणार नाही. मी प्रत्येक मोहिमेआधी लिहायचो. तुझ्या मामीनं ती सगळी पत्रं जपून ठेवली आहेत, लोखंडी कपाटात, अजून न उघडलेली.

आता हे पुरे. रविवारी वाईला ये, शनिवारी रात्रीच ये. बूट तेच आण, जे वर नेणार आहेस. पाठीवर पंधरा किलो घ्यायचे, पाण्याचे कॅन भरून. पहाटे चारला वैराटगडाला लागू. चढताना मी मागं राहीन, बोलणारही नाही. माथ्यावर मामीनं दिलेली भाकरी खायची, पाणी ओतून टाकायचं नाही, वजन तसंच ठेवून उतरायचं. उतरताना मी पुढं असेन, दर वळणावर उभा राहीन. मला तुझे गुडघे बघायचेत.